जाळीच्या विणीचा हिशेब: ओळ किती टाके खाते आणि किती देते

दोन सुयांवरची जाळी बिघडते ती बहुतेक वेळा टाके घालतानाच. नमुन्यांच्या वहीत "१०च्या पटीत अधिक १" (म्हणजे ११, २१, ३१ असे टाके) एवढंच लिहिलेलं असतं. कडेचे टाके त्यात धरलेत की नाहीत, ते लिहिलेलं नसतं. मग अंदाजानं शंभर टाके घातले जातात. दोन्ही कडांचे तीन-तीन वगळले की ९४ उरतात. त्यात नमुना नऊ वेळा बसतो आणि वर तीन टाके शिल्लक राहतात. ते तीन टाके सुलट विणून एका कडेत ढकलले की त्या ओळीपुरतं भागतं. पण दहा-बारा ओळींनी एक कड रुंद, दुसरी अरुंद, आणि सगळा नमुना एका बाजूला सरकलेला दिसतो. तेव्हा उसवण्याशिवाय इलाज नसतो.

म्हणून सुई हातात घेण्याआधी कागदावर प्रत्येक ओळीचा जमाखर्च मांडावा, असं माझं ठाम मत आहे. प्रत्येक ओळीला दोन आकडे लिहायचे: डाव्या सुईवरचे किती टाके ही ओळ खाते, आणि उजव्या सुईवर किती देते. वीस मिनिटांचं काम आहे.

हिशेबाचे नियम थोडे आहेत. सुलट किंवा उलट टाका एक खातो, एक देतो. वेढा, म्हणजे लोकर पुढं आणून नुसती सुईवर घ्यायची तो, काहीच खात नाही आणि एक देतो. भोक पडतं ते त्याच्यामुळंच. दोनाचा एक (पुढं २/१ लिहिलंय) दोन खाऊन एक देतो, मग तो उजवीकडं झुकणारा असो की डावीकडं. तिनाचा एक (३/१) तीन खाऊन एक देतो: एक टाका न विणता उचलायचा, पुढचे दोन एकत्र सुलट विणायचे आणि उचललेला त्यावरून काढायचा. दुहेरी वेढा शून्य खाऊन दोन देतो, पण लगेच पुढच्या, मागच्या बाजूच्या ओळीत त्यातला एक सुलट आणि एक उलट विणला तरच. दोन्ही एकाच पद्धतीनं विणले की ते एकमेकांत मिसळून एक मोठा ढिला फास होतो.

आता एक नमुना पूर्ण घेऊ. घोड्याच्या नालेचा नमुना हा स्कॉटलंडच्या शेटलंड बेटांवरच्या जुन्या जाळीकामातला. तिथं तो काही खांब (दोन नालांमधल्या टाक्यांच्या उभ्या रांगा) उलट टाक्यांचे घालूनही विणतात. इथं सोपा करून सगळे सुलट ठेवलेत. मागच्या बाजूच्या (सम आकड्यांच्या) सगळ्या ओळी उलट, आणि कडेचे टाके दोन्ही बाजूंनी सुलट. सु म्हणजे सुलट, वे म्हणजे वेढा. दोन फुल्यांमधला (*) भाग ओळभर पुन्हा पुन्हा विणायचा, त्यालाच पुढं घर म्हटलंय.

ओळ १: १ सु, * वे, ३ सु, ३/१, ३ सु, वे, १ सु *
ओळ ३: १ सु, * १ सु, वे, २ सु, ३/१, २ सु, वे, २ सु *
ओळ ५: १ सु, * २ सु, वे, १ सु, ३/१, १ सु, वे, ३ सु *
ओळ ७: १ सु, * ३ सु, वे, ३/१, वे, ४ सु *

पहिल्या ओळीत दोन फुल्यांमधला भाग खातो ३ + ३ + ३ + १ = १०. देतो १ + ३ + १ + ३ + १ + १ = १०. सातवी ओळ खाते ३ + ३ + ४ = १०, देते ३ + १ + १ + १ + ४ = १०. तिसरी आणि पाचवी तुम्ही स्वतः मांडून बघा. चारही ओळींत खाल्लेले आणि दिलेले सारखे निघाले, म्हणजे हा नमुना कुठल्याही ओळीला मोजला तरी आकडा तोच यायला हवा. एखाद्या ओळीत खाण्याचा आकडा ९ किंवा ११ निघाला तर ती ओळ वहीत उतरवताना चुकली आहे. हाताने उतरवलेल्या नमुन्यांत बहुतेक वेळा एखादा "वे" गळालेला असतो. तो सापडतो देण्याच्या आकड्यात, खाण्याच्या नाही, म्हणून दोन्ही आकडे लिहायचे.

सुरुवातीचा तो सुटा "१ सु" म्हणजे "अधिक १". नमुन्याच्या प्रत्येक घराच्या डाव्या टोकाला एक खांब येतो. सर्वांत उजवीकडच्या घराच्या उजव्या टोकाला मात्र खांब नसतो, तो वेगळा घालावा लागतो. गोल विणताना शेवटच्या घराचा खांबच पहिल्या घराच्या उजवीकडं येतो, म्हणून टोपी किंवा कॉलर गोल विणायची असेल तर अधिक १ सोडून द्यायचा, नुसती १०ची पट. सरळ विणीचा नमुना गोलासाठी घेताना ही एक गोष्ट हमखास विसरते.

काही वह्यांत हीच पहिली ओळ "* १ सु, वे, ३ सु, ३/१, ३ सु, वे *, १ सु" अशी असते. विणून काहीच फरक पडत नाही, पण फुलीची जागा बदलली की खुणेच्या कड्यांची (मोजणीसाठी सुईवर घरांच्या मधे अडकवायच्या, त्यांची) जागा बदलते. एका ओळीत फुली खांबाच्या आधी आणि दुसरीत खांबानंतर असेल, तर कड्यांमधली मोजणी दर ओळीला वेगळी लागते आणि डोकं फिरतं. सगळ्या ओळी आधी एकाच पद्धतीनं लिहून काढा.

आता रुंदी. डिसेंबरात पन्हाळ्यावर पहाटे अंगावर घ्यायला पुरेल अशी ओढणीवजा शाल धरू, ५५ सेंटीमीटर रुंद, १६० लांब. आधी मापासाठी एक छोटा तुकडा विणायचा: कडेचे ३, खांबाचा १, चार घरांचे ४०, कडेचे ३, म्हणजे ४७ टाके, आणि आठ ओळींचा नमुना तीनदा, म्हणजे २४ ओळी. सुईच्या नंबरकडं नीट बघा. आपल्याकडच्या सुयांवर बहुधा जुने ब्रिटिश नंबर असतात, त्यात ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर आणि १० नंबर म्हणजे ३.२५. अमेरिकी नमुन्यातला ८ नंबर ५ मिलिमीटरचा असतो. नंबर सारखा बघून सुई घेतली तर सगळी रुंदीच चुकते. मिलिमीटरवर जा.

तुकडा विणून लगेच मोजू नका. जाळी न धुता, न ताणता मोजली तर तो आकडा काही कामाचा नाही, कारण वेढ्यांची भोकं तोवर मिटलेली असतात. खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवून, टॉवेलात दाबून, सतरंजीवर टाचण्या लावून ताणून वाळवा. बाजारात सहज हाती लागते ती बरीचशी अॅक्रिलिक. ती पाण्यानं आकार धरत नाही. ताणून टाचण्या लावल्यावर इस्त्रीची वाफ दोन-तीन सेंटीमीटर वरून द्यावी लागते. इस्त्री टेकली की धागा चपटा आणि चकचकीत होतो आणि पुन्हा मूळ रूपावर येत नाही. सुती धाग्याचं आणखी एक. इचलकरंजीच्या मागांसाठीचं एकपदरी सूत स्वस्त पडतं म्हणून घेतलं तर त्याचा पीळ एकाच दिशेचा असल्यानं विणलेलं कापड तिरकं ओढलं जातं. टाके अगदी बरोबर असूनही नाला कललेल्या दिसतात आणि माणूस मोजणीत चूक शोधत बसतो. सुती हवं असेल तर दोन किंवा जास्त पदर उलट पीळ देऊन एकत्र केलेलंच घ्या. आणि जुलै-ऑगस्टात कोल्हापुरात तुकडा वाळायला दोन दिवस लागू शकतात. दमट असतानाच टाचण्या काढल्या तर तो आत आखडतो आणि रुंदी कमी भरते.

वाळला की कडा सोडून फक्त चार घरं मोजा. समजा २१ सेंटीमीटर भरली, म्हणजे एक घर ५.२५. कडेचे ६ आणि खांबाचा १ मिळून सात टाके समजा साडेतीन सेंटीमीटर. ५५ मधून ३.५ वजा केले, ५१.५ उरले. भागिले ५.२५, उत्तर ९.८. पाऊण घर विणता येत नाही, म्हणून १० घरं. रुंदी होईल ५६, चालेल. टाके: ३ + १ + १०० + ३ = १०७. एक सेंटीमीटर रुंदीसाठी टाके वाढवत-घटवत बसू नका. घरांची संख्या पूर्णच लागते, नेमकी रुंदी हवीच असेल तर सुई पाव किंवा अर्ध्या मिलिमीटरनं बदला.

लांबीचं तसंच. आठ ओळी चार सेंटीमीटर भरल्या तर १६० साठी चाळीस वेळा, म्हणजे ३२० ओळी. धागाही इथंच निघतो. तुकड्यात ४७ × २४ = ११२८ टाके, शालीत १०७ × ३२० = ३४,२४०, म्हणजे साधारण तीस पट. तुकडा ५ ग्रॅम भरला तर शालीला १५२ ग्रॅम. त्यावर दहा-पंधरा टक्के जास्त घ्या, कारण रंगाचा लॉट नंतर जुळत नाही. स्वयंपाकघरातला काटा ५ ग्रॅमला अर्ध्या-एक ग्रॅमनं इकडंतिकडं दाखवतो आणि तीस पटीत ती चूक पंधरा-तीस ग्रॅमची होते. कोल्हापूरच्या गुजरीत ओळखीचे सोनार असतील तर त्यांच्या काट्यावर तुकडा तोलून घ्या.

टाके घातल्यावर पहिल्या साध्या ओळीतच खुणेच्या कड्या लावायच्या. उजवीकडून ४ टाके (कडेचे ३ आणि खांब), कडी, मग दर १० टाक्यांना कडी, शेवटी ३. अकरा कड्या लागतात. विकतच्या नसतील तर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे छोटे फास चालतात. आता १०७ एका दमात मोजायची गरज उरत नाही. उलट ओळ विणतानाच कडी ते कडी दहा आहेत ना, एवढं बघत जायचं.

खरी गंमत पुढं आहे. नाला एकाखाली एक न ठेवता अर्धं घर सरकवून मांडायच्या असतील, तर तिनाचा एक घराच्या मधून उठून थेट खांबावर येतो, आणि दोन्ही कडांना तो अर्धाच मावतो. ओळ अशी होते:

२/१, ३ सु, वे, १ सु, वे, ३ सु, * ३/१, ३ सु, वे, १ सु, वे, ३ सु *, २/१

सुरुवातीचा भाग खातो २ + ३ + १ + ३ = ९. फुल्यांमधला खातो १०, आणि तो घरांपेक्षा एक वेळ कमी येतो, म्हणजे आपल्याकडं ९ वेळा. शेवटचा २/१ दोन खातो. ९ + ९० + २ = १०१. कडा सोडून आपल्याकडं १०१च आहेत. देण्याचा हिशेब: १० + ९० + १ = १०१. कडेला २/१ का, तर पूर्ण तिनाचा एक दोन टाके घटवतो, तो दोन कडांत वाटला गेला म्हणून प्रत्येक कडेनं एकच घटवायचा. सवयीनं तिथंही ३/१ घातला की दर ओळीला दोन टाके जातात आणि शाल त्रिकोणी व्हायला लागते. सुरुवातीचा २/१ डावीकडं झुकणारा घ्या (दोन टाके एकेक करून सुलट घेतल्यासारखे उचलायचे आणि मागच्या बाजूनं एकत्र विणायचे) आणि शेवटचा साधा, म्हणजे दोन्ही कडा आरशासारख्या दिसतात.

या ओळीला खुणेची कडी बरोबर तिनाच्या एकच्या मधे सापडते: कडीच्या आधीचे दोन टाके आणि नंतरचा एक. कडी काढायची, ३/१ विणायचा, आणि तयार झालेल्या टाक्यानंतर कडी परत घालायची. आधी घातली तर उजवीकडच्या घरात नऊ आणि डावीकडच्यात अकरा होतात. एकूण आकडा बरोबरच भरतो, म्हणून ही चूक एकदम मोजणाऱ्याला सापडत नाही. सर्वांत उजवीकडच्या पहिल्या कडीलाही हाच नियम, तिथं २/१ तिच्यावरून जातो.

शेटलंडच्याच "ओल्ड शेल" लाटेत सगळं घटवणं आणि वाढवणं गठ्ठ्यानं येतं: २/१ तीन वेळा, (वे, १ सु) सहा वेळा, २/१ तीन वेळा. खातो १८, देतो ३ + १२ + ३ = १८. चार ओळींत ही एकच जाळीची ओळ असते, त्यामुळं शिकायला फार चांगली.

सगळेच नमुने असे सरळ नसतात. पानांच्या नमुन्यांत टाक्यांची संख्या मुद्दाम वाढते आणि घटते. सात टाक्यांचं एक छोटं पान घ्या, दोन्ही बाजूंना तीन-तीन उलट (उ):

ओळ १: ३ उ, वे, १ सु, वे, ३ उ. खाते ७, देते ९.
ओळ ३: ३ उ, १ सु, वे, १ सु, वे, १ सु, ३ उ. खाते ९, देते ११.
ओळ ५: ३ उ, २/१, १ सु, २/१, ३ उ. खाते ११, देते ९.
ओळ ७: ३ उ, ३/१, ३ उ. खाते ९, देते ७.

इथं ओळीच्या आतले आकडे जुळत नाहीत आणि जुळायलाही नकोत. जुळवायचं असतं ते एका ओळीचं देणं आणि पुढच्या ओळीचं खाणं: ९ दिले, ९ खाल्ले, ११ दिले, ११ खाल्ले. दहा पानं असतील तर पहिल्या ओळीनंतर सुईवर ७० नव्हे, ९० टाके असणार. तक्त्यावरून विणत असाल तर अशा नमुन्यात राखाडी चौकोन दिसतात. त्या जागी त्या ओळीत टाकाच नसतो, डोळ्यांनी ओलांडून पुढं जायचं. तो चौकोन मोजला की हिशेब गेला. आणि रुंदीचे टाके काढताना, किंवा मधेच काम थांबवून टाके बंद करताना, सातव्या किंवा आठव्या ओळीचाच आकडा धरायचा.

वरून खाली वाढणाऱ्या त्रिकोणी शालीत हिशेब आणखी चवीचा होतो. ९ टाक्यांपासून सुरुवात धरा: कड ३, पंख १, मधला खांब १, पंख १, कड ३. दर समोरच्या ओळीला प्रत्येक पंखाच्या दोन्ही टोकांना एकेक वेढा, म्हणजे चार टाके वाढतात. दहा समोरच्या ओळींनंतर ९ + ४० = ४९ टाके, आणि प्रत्येक पंखात २१. नालेचा नमुना १०च्या पटीत अधिक १, म्हणजे पंख ११, २१ किंवा ३१ असतानाच सुरू करता येतो.

पण नमुना आठ ओळींचा आहे आणि तेवढ्यात पंख फक्त ८ टाक्यांनी वाढतो. नवीन घराला १० हवेत. म्हणून आठ ओळींनंतर वाढीच्या दोन साध्या ओळी घाला, म्हणजे दहा ओळींत दहा टाके. त्यातही हे दहा टाके पाच इकडं आणि पाच तिकडं वाढलेले असतात. पंखाच्या टोकापासून पुन्हा मोजून नमुना सुरू केला तर नवी नाल जुन्या खांबावर येते, अर्धं घर सरकून. ते सुंदर दिसतं. नालेवरच नाल हवी असेल तर दोन्ही टोकांचे पाच-पाच साधे विणत राहा आणि पुढच्या दहा ओळींनंतर, प्रत्येक टोकाला पूर्ण दहा झाल्यावर, एकदम दोन घरं वाढवा.

आता चुका. दोन कड्यांमधे नऊच टाके असतील तर बहुधा वेढा राहिला, आणि तो बहुतेक वेळा कडीला लागून असलेला असतो. उसवू नका. दोन टाक्यांच्या मधला आडवा धागा सुईनं उचलून तोच वेढा म्हणून विणा, भोक किंचित लहान पडेल. तो धागा पिळून विणला तर आकडा भरतो पण भोक बंद होतं. अकरा असतील तर एकतर तिनाच्या एकमधे उचललेला टाका वरून काढायचा राहिला, नाहीतर उलटवरून सुलटवर येताना लोकर पुढंच राहून नको तिथं वेढा पडला. आणि दहाच असून नमुना सरकलेला असेल तर डोळ्यांनी वाचा: नालेत तिनाचा एक खालच्या तिनाच्या एकच्या नेमका डोक्यावर यायला हवा. एक टाका बाजूला असेल तर वेढा एक टाका आधी घेतला गेलाय.

दर आठ ओळींनंतर, मागची उलट ओळ संपली की, वेगळ्या रंगाचा गुळगुळीत बारीक दोरा सुईत ओवून सगळ्या टाक्यांतून घालून ठेवा, कड्यांमधून नाही. पुढं काही झालं तर तिथपर्यंत निर्धास्त उसवता येतं. जाळीत सुटलेला टाका साध्या विणीसारखा सरळ खाली जात नाही, वेढ्यापाशी येऊन भलतीकडं पसरतो, म्हणून हा दोरा हवाच.

शेवटी किनार. आडवी विणून जोडायची असेल तर दर दोन ओळींना ती शालीचा एक टाका खाते. सोळा ओळींची किनार असेल तर एका फेरीला आठ. १०७ भागिले ८ केले की १३ फेऱ्या आणि ३ टाके उरतात. ते तीन शेवटी एकदम संपवायचे नाहीत, तिथं चुणी पडते. दर चौतीस-पस्तीस टाक्यांना एकदा, किनारीच्या टाक्याबरोबर शालीचे एकाऐवजी दोन टाके एकत्र घ्या, असं तीनदा. चारही बाजूंना किनार असेल तर कोपऱ्याच्या टाक्याला उलट करावं लागतं: तोच एक टाका दोन-तीनदा जोडायचा, नाहीतर कोपरा आत दुमडतो.